भोंगा वाजला, पुढे काय?



२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये विषारी वायू पसरला, तेव्हा माणसे वाट फुटेल तिकडे धावली. कित्येक तर वायूच्याच दिशेने. तोंडावर ओले फडके धरावे, एवढेही त्यांना कुणी सांगितले नव्हते. १९८९ च्या नियमांनी धोकादायक रसायनांचा मोठा साठा असलेल्या कारखानदारावर भोवतालच्या वस्तीला धोका आणि घ्यावयाची खबरदारी समजावून सांगण्याची जबाबदारी टाकली. जिल्हा प्रशासनाने आपत्कालीन आराखड्याची वर्षातून एकदा तालीम घ्यायची, हेही त्यातच आहे. कागद उत्तम! मात्र डोंबिवलीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, मे २०२४ मध्ये पुन्हा झाला; घराघरांतल्या काचा दोन्ही वेळा फुटल्या. कारखान्याकडून अशी सूचना ज्यांच्या घरी आजवर पोहोचली असेल, त्यांनी कृपया हात वर करावा.