रद्दी आणि ठेवा



'दुर्मीळ पुस्तके, जुने नकाशे, छायाचित्रे व चित्रे यांचा संग्रह' हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्यापुढे ठेवला, तेव्हा आम्ही जरा बिचकलो. संग्राहक म्हटला की काचेची कपाटे, मखमली बैठक आणि खिशात भिंग बाळगणारा एखादा सरदार डोळ्यांपुढे येतो. आमचे आयुष्य कारखान्यांच्या दारांवर पत्रके वाटण्यात गेले. शाळा सातवीत सुटली. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, साचेखात्यात असलेल्या वडिलांचा पगार थांबला आणि बाराव्या वर्षी आम्ही एका रद्दीच्या दुकानात तराजूपाशी जाऊन बसलो. म्हणून चालकांना म्हटले, "अहो, आम्ही संग्राहक कसले? आम्ही रद्दीवाले." ते म्हणाले, "म्हणूनच बोला." तेव्हा जे काही बोलणार ते तराजूपाशी बसून शिकलेले आहे, असे समजून आपण ते गोड मानून घ्यावे.

त्या दुकानात सगळा कागद एका भावाने जाई. शेराचा काळ सरला होता, किलो आले होते. पण न्याय तोच. कोणाचा ग्रंथ, कोणाचे पंचांग, कोणाच्या घरातला लग्नाचा फोटो, कोणत्या शाळेचा भिंतीवरचा नकाशा, सारे एकाच पारड्यात. मालक दुपारी जेवायला गेले की आम्ही गठ्ठे सोडून वाचीत बसायचो. आमचे विद्यापीठ ते. त्या विद्यापीठात पहिला धडा मिळाला तो हा की, कोणतीही छापील वस्तू जन्मतः दुर्मीळ नसते. छापखान्यातून ती शेकड्यांनी, हजारांनी बाहेर पडते. मग कोणी ती जाळतो, कोणी पुड्या बांधतो, कोणाच्या घरी वाळवी खाते आणि बहुतेक ठिकाणी ती जपावी असे कोणाला वाटतच नाही. असे होत होत एखादी प्रत उरते आणि त्या दिवशी ती दुर्मीळ ठरते. म्हणजे दुर्मीळपणा हा त्या वस्तूचा गुण कमी आणि आपल्या सगळ्यांच्या वागण्याचा हिशेब अधिक.

उदाहरणे देतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली पुण्यास छापून घेतले. बाईमाणसाने पुरुषांना रोखठोक जाब विचारलेला. छापले गेले आणि जवळजवळ शंभर वर्षे ते लोकांच्या नजरेआड राहिले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले आणि मग महाराष्ट्राला कळले की आपल्या घरात असे काही होते. जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ साली लिहिले. ते छापून लोकांपुढे आले १९७९ साली. मध्ये सव्वाशे वर्षे गेली. या सव्वाशे वर्षांत ते हस्तलिखित कोणी ना कोणी टाकून दिले नाही, एवढ्याच एका गोष्टीवर सारे टिकून राहिले. त्या न टाकणाऱ्या माणसांना आम्ही संग्राहक म्हणतो.

उलट उदाहरणही घ्या. 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालविले. गिरणीत राबणाऱ्या माणसाची गाऱ्हाणी त्या पत्राने वेशीवर टांगली. त्याच काळात, १८८१ साली, 'केसरी' निघाला. 'केसरी'च्या फायली जपल्या गेल्या आणि अभ्यासकाला त्या उघडून पाहता येतात. 'दीनबंधु'च्या सलग फायली मिळत नाहीत. ज्यांनी तो वाचला त्यांच्या खोलीत दहा माणसे पाळीपाळीने झोपत. फायली ठेवायला भिंत कुठली आणणार? कपाट ज्याचे, त्याचा इतिहास, असे हे गणित आहे. ते कोणी मुद्दाम मांडले असे नव्हे. पण मांडले गेले खरे.

कधी कधी मात्र मुद्दामही मांडले जाते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद नावाचा तरुण चित्रकार नोव्हेंबर महिन्यात मिदनापूर जिल्ह्यात हिंडला. वाटेत जी माणसे दिसली त्यांची काळ्या शाईत रेखाटने केली, कोणाचे काय झाले ते लिहून घेतले आणि त्याचे 'हंग्री बेंगाल' नावाचे पुस्तक निघाले. इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. पण एक प्रत चित्तप्रसादच्या घरच्या माणसांनी बँकेच्या तिजोरीत जपली होती. तीवरून २०११ साली हुबेहूब प्रतिकृती निघाली. हजारो प्रती जाळणाऱ्या सरकारचा एका जपलेल्या प्रतीने पराभव केला. संग्रहाची ताकद काय असते हे आम्हास कोणी विचारले तर आम्ही एवढेच सांगतो.

आता कोणी म्हणेल की हे तिजोरीवाल्यांचे काम. तसे नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांच्याजवळ पैसा नव्हता. गावोगाव पायपीट करून, जुन्या वाड्यांतली दप्तरे धुंडाळून त्यांनी कागद मिळविले आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढला. असे २२ खंड त्यांच्या हातून झाले. पुण्याच्या दिनकर केळकरांचे चष्म्याचे दुकान होते. त्यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला आरंभ केला. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, दाराच्या चौकटी यांवर त्यांचा डोळा. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि सुमारे २० हजार वस्तूंचा तो संसार १९७५ साली महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. विकला असता तर सात पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. दोघांजवळ पायांत बळ होते, डोळा होता आणि मिळाले ते आपले नव्हे, सर्वांचे, ही बुद्धी होती.

बाजाराविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण बाजार या विषयात आहेच. पुस्तकाची किंमत पहिली आवृत्ती आहे का, मुखपृष्ठ व नावाचे पान जाग्यावर आहे का, चित्रे सगळी आहेत का, पूर्वी ते कोणाकडे होते, यांवर ठरते. यात वाईट काही नाही. पण या धंद्यात एक दुष्ट चाल आहे. टॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलत्यापुतण्यांनी हिंदुस्थान हिंडून १७९५ ते १८०८ या काळात 'ओरिएंटल सीनरी' नावाची १४४ चित्रे छापली. अशा ग्रंथाची पाने सुटी करून, चौकटीत बसवून एकेक विकली तर एकंदर पैसा अधिक येतो. म्हणून कित्येक ग्रंथ असे सोडविले गेले. जुन्या नकाशासंग्रहांचेही तेच. दिवाणखान्यात सुंदर नकाशा टांगलेला दिसतो. तो ज्या पुस्तकातून फाडला ते पुस्तक लंगडे होऊन कुठेतरी पडलेले असते. विकत घेणाऱ्यांनी एवढा नियम करावा की जे अखंड आहे ते अखंड घ्यावे, नाही तर सोडून द्यावे. घेणाराच नसेल तर फाडणारा कोणासाठी फाडील?

आणि फसू नये. नकाशा ताम्रपटावरून छापलेला असेल तर कागदावर त्या पत्र्याच्या कडांची दाबखूण बहुधा बोटाला लागते. भिंगाखाली सगळीकडे रांगेने बारीक ठिपके दिसले तर ती नंतरची यांत्रिक नक्कल समजावी. १९७२ चा कायदाही ठाऊक असावा. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू आणि मोलाचे हस्तलिखित असेल तर ७५ वर्षांचे, हे खाजगी माणसास देशाबाहेर नेता येत नाही.

नकाशा म्हणजे केवळ शोभा नव्हे. मुंबईत धोबीतलाव म्हणून नाव आहे, तलाव नाही. तो बुजविला गेला. जुना नकाशा उघडला की तलाव जाग्यावर सापडतो. पाणी कोठे होते, वाट कोठून जात होती, वस्ती कोणाची होती, हे जुना नकाशा सांगतो आणि वस्ती उठविण्याचा दिवस येतो तेव्हा तोच एक साक्षीदार उरतो.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगायला जीभ जड होते, पण न सांगता उतरलो तर हे व्याख्यान खोटे ठरेल.

पुढे आम्ही कामगार संघटनेत आलो. १९९९ साली संघटनेची एक जुनी खोली रिकामी करावयाची होती. माळ्यावर तीन पोती कागद होता. संपाच्या काळातली पत्रके, वर्गणीच्या वह्या, खात्याखात्यांतल्या माणसांचे फोटो, कोण्या रंगाऱ्याने मोर्च्यासाठी कापडावर काढलेली चित्रे. नवी जागा लहान होती. ज्याने बालपणी रद्दीत बसून अक्षरे गिरविली, त्या आम्हीच रद्दीवाल्याला हाक मारली. पैसे किती आले तेही आठवत नाही. त्या दिवशीच्या चहात संपले असतील.

पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याची योजना आली. २०१२ साली पहिली सोडत निघाली. अर्ज पुष्कळ, घरे थोडी. अर्जदाराने १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो, याचा पुरावा दाखवायचा होता. त्या दिवसांत वडिलांच्या साचेखात्यातले एक गृहस्थ काठी टेकीत आमच्याकडे आले. त्यांचे हजेरीचे कार्ड गावच्या घरी वाळवीने खाल्ले होते. तिकीट नंबर आठवत नव्हता. ते म्हणाले, "पोरा, तुमच्या हापिसात वर्गणीची वही असायची. नावापुढं तिकीट नंबर मांडलेला असायचा. तेवढा बघून दे. नंबर गावला की पुढचं मी हुडकतो."

वही होती. आम्ही ती विकली होती.

आम्ही ते त्यांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "असू दे. तुलाही काय ठावं." दोन वर्षांनी ते गावी वारले, अर्ज तेव्हाही पडूनच होता. त्या वहीने त्यांना घर मिळालेच असते असे आम्ही म्हणत नाही. पण हातात एक धागा आला असता आणि तो आम्ही तोडला. अमुक एका पुस्तकाला लाख रुपये आले हे वाचले की आम्हास ती वही आठवते. तिची किंमत कोणत्या लिलावात ठरायची?

त्या दिवसापासून आम्ही संग्राहक झालो. आमच्या कचेरीत लोखंडी दोन कपाटे आहेत. त्यांत गेटपास आहेत, पगाराच्या चिठ्ठ्या आहेत, खाणावळ चालविणाऱ्या बायांच्या हिशेबाच्या वह्या आहेत, भजनी मंडळांचे फोटो आहेत. प्रत्येक वस्तू कोणाकडून, कधी आली याची नोंद वहीत आहे. कारण नोंद नसलेला संग्रह म्हणजे नीट रचलेली रद्दी. पाहायला कोणी आले तर कुलूप उघडतो. छायाप्रती काढून एक संच ग्रंथालयात दिला आहे, कारण आमच्यानंतर येणारा कार्यकर्ता पुन्हा रद्दीवाल्याला हाक मारणार नाही याचा भरवसा कोणी द्यावा?

जपण्याची रीत अवघड नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कागद चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला. त्यात आम्ल असते, म्हणून १८२० चे पुस्तक धडधाकट आणि १९२० चे वर्तमानपत्र बोटांत भुगा होते. तेव्हा वर्तमानपत्राचे कात्रण फोटोला लागून ठेवू नये. पोटमाळा आणि ओलीची भिंत टाळावी. रबराचे पट्टे, गंजणाऱ्या टाचण्या आणि चिकटपट्ट्या कागदाला लावू नयेत. चिकटपट्टी वाळून निघते, तिचा डाग निघत नाही. वर्षातून दोनदा कपाट उघडून झटकावे. कसर आणि वाळवी यांना अंधार आणि ओल आवडते, माणसाचा हात आवडत नाही.

शेवटची एक विनंती करून बसतो. आज घरी गेल्यावर पलंगाखालची ट्रंक ओढावी. तिच्यात एखादा फोटो निघेल. शाळेचा, कारखान्याचा, नाही तर वाड्यातल्या मंडळींचा. घरात जे कोणी वडीलधारे माणूस असेल त्यांच्याजवळ बसावे आणि मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, मागच्या बाजूस नावे लिहून घ्यावीत. डावीकडून पहिले कोण, दुसरे कोण, साल कोणते, गाव कोणते. आज हे काम दहा मिनिटांचे आहे. ते माणूस गेल्यावर कितीही पैसे मोजले तरी ती नावे मिळत नाहीत.