संडासाला दोन दारं

डिझाइनवाल्यांचं एक वाक्य हल्ली फार ऐकू येतं : माणूस केंद्रस्थानी ठेवून वस्तू घडवा. वाक्य चांगलंय. माझा सवाल एवढाच, कुठला माणूस?

जुना टोपलीचा संडास आठवा. त्याला दोन दारं. पुढचं बसणाऱ्याचं. मागचं, बुटकं, मैला उचलणाऱ्याचं. तिथनं टोपली ओढायची, डोक्यावर घ्यायची नि मागच्या मागं निघून जायचं. मुंबईतल्या जुन्या इमारतींमागच्या घरगल्ल्या त्याच्या वाटेसाठीच ठेवल्या. बसणाऱ्याला उचलणारा दिसू नये, असा नीट विचार करून तो नकाशा काढलेला आहे. मनू वीट-चुन्यात उतरला तो असा.

मग मॅनहोल आलं. नावातच माणूस! भोक माणूस आत जाईल एवढं. म्हणजे त्याचं माप घेतलं होतं. खांद्यांचं घेतलं, श्वासाचं नाही. आत हायड्रोजन सल्फाइड साचतो. फार झाला तर त्याचा वाससुद्धा कळत नाही, माणूस जागच्या जागी कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही.

कायदे झाले. १९९३ साली कोरडे संडास बांधायला बंदी आली. २०१३ च्या कायद्यात रेल्वेचे रूळही आले. पण त्यातच पळवाट : सरकारनं ठरवलेली साधनं नि संरक्षक कपडे दिले, की तो हातानं मैला साफ करणारा धरायचाच नाही. हातमोजा चढला, माणूस गणतीतनं गायब! गटारात मेलेल्याच्या घरच्यांना सुप्रीम कोर्टानं २०१४ ला १० लाख द्यायला लावले, २०२३ ला ३० लाख. मरणाची भरपाई वाढली, मॅनहोल तेच राहिलं.

डिझाइनवाला म्हणेल, आमच्या मनात वाईट नव्हतं. नसेल. पण हेतू मनात कशाला शोधायचा? नकाशात शोधा. गोदीत आम्ही हे रोज बघतो : गोणीचं वजन भरणारा ठरवतो, पाठ आमची.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक नकाशावर लिहा, हे साफ कोण करणार, कशानं करणार, नि अडकला तर बाहेर कसा येणार. खाली सही करा. माणूस मेला तर मुकादमाबरोबर त्या सहीवाल्यालाही कोर्टात उभा करा. आणि नकाशा ठरताना गटारात उतरलेला माणूस तिथं खुर्चीवर बसलेला पाहिजे. पगारी. नाही म्हणायच्या हक्कासकट.

जमत नाही म्हणू नका. केरळात २०१८ साली मॅनहोल साफ करणारं यंत्र कामाला लागलं. सफाई कामगारच ते वर उभं राहून चालवायला शिकले.

घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता १९५० लाच रद्द केली. नकाशातनं ती अजून खोडायची आहे. आपली काही पोरं आता आर्किटेक्ट, इंजिनिअर होतायत. त्यांना सांगणं एकच : पहिली रेघ मागच्या दारापासून मारा.

जय भीम!