धांव, टायर आणि ऋतु

लांकडी चाकावरची लोखंडी धांव उन्हाळ्यांत सैल होते, ही गोष्ट रिसोड तालुक्यांतील शेतकऱ्यास एकेकाळीं कोणी सांगावी लागत नसे. कोरड्या उन्हानें आरे आणि पुठे आटत, लोखंड मात्र तापून किंचित् वाढे, आणि गाडी चालूं लागली कीं चाक खडखडूं लागे. शहाणा गाडीवान तें चाक पाण्यांत भिजत घाली. लांकूड फुगे आणि धांव पुन्हां घट्ट बसे. ती फारच सैल झाली, तर लोहाराकडे नेऊन कापून, तापवून पुन्हां चढवावी लागे. ऋतु बदलला म्हणजे चाकाकडे पाहावें, हें शहाणपण या प्रांतांत असें जुनें आहे.

त्याच रस्त्यांवर आतां रबरी टायरांचीं वाहनें धांवतात, आणि अलीकडे त्यांत विजेवर चालणाऱ्या मोटारींची भर पडत आहे. लांकूड जाऊन रबर आलें, लोहाराचा भाता जाऊन हवेचा पंप आला. परंतु चाकावरील ऋतूची सत्ता कांहीं उठलेली नाहीं. विजेच्या मोटारीच्या मालकानें ही सत्ता कशी ओळखावी, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

महाराष्ट्रांतील अनेक घरांचीं मुलेंबाळें आज जर्मनी, कॅनडा यांसारख्या थंड देशांत स्थायिक झालेलीं आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर आला कीं त्यांच्याकडून फोनवर बातमी येते, ‘आज गाडीचीं चाकें बदलून आणलीं.’ चांगलीं धडधाकट चार चाकें काढून दुसरीं चार कां बसवावीं, याचा उलगडा इकडील वडील मंडळींस होत नाहीं. ही निव्वळ उधळपट्टी, असेंच त्यांस वाटतें. परंतु यामागील कारण ऐकण्यासारखें आहे.

रबर थंडीनें कठीण होतें. उष्णमान सुमारें ७ अंशांच्या खालीं गेलें, म्हणजे नेहमींच्या टायराचें रबर आपली लवचिकता गमावूं लागतें, आणि रस्त्यास धरून राहण्याची त्याची शक्ति कमी होते. हिंवाळी टायराच्या रबराचें मिश्रण निराळें असतें. तें थंडींतही मऊ राहतें. त्याच्या नक्षींत बारीक बारीक चिरा पाडलेल्या असतात, आणि त्या चिरांच्या कडा बर्फास धरून ठेवतात. असा टायर फिनलंड देशांत १९३४ सालीं मालमोटारींकरितां आणि १९३६ सालीं लहान मोटारींकरितां तयार झाला. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत हिंवाळी टायर लावणें कायद्यानें सक्तीचें आहे. जर्मनींत तारखा ठरलेल्या नाहींत. मात्र रस्त्यावर बर्फ असतां, तीन शिखरें आणि हिमकण यांचें चिन्ह असलेलेच टायर गाडीस पाहिजेत, असा नियम आहे. ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ ही हिंवाळी चाकांची मुदत तेथील लोकांच्या तोंडीं बसलेली आहे.

विजेच्या मोटारीस टायरांविषयींची दक्षता अधिकच लागते. ही मोटार कांहीं कालची निपज नव्हे. ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली गेली ती १८९९ सालच्या एप्रिल महिन्यांत, पॅरिसजवळ, कामिल जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाच्या विजेच्याच गाडीनें. आणि त्या गाडीस हवेचे मिशेलिन टायर होते. आजच्या विजेच्या मोटारीच्या तळाशीं मोठी बॅटरी असते. तिच्यामुळें गाडीचें वजन तेवढ्याच पेट्रोलच्या गाडीहून कित्येक वेळां दोन-तीनशें किलोंनीं अधिक भरतें. शिवाय विजेच्या यंत्राचा जोर पाय दाबतांच चाकावर येतो; वेग हळूहळू चढण्याची वाट तो पाहत नाहीं. हा भार आणि हा जोर अखेर सोसावयाचा तो टायरानें. म्हणून या गाड्यांचे टायर लवकर झिजतात, आणि ज्या चाकांना यंत्राचा जोर मिळतो त्यांचे तर अगोदर. सगळ्या गाडीचा रस्त्याशीं संबंध तरी केवढ्या जागेंत येतो? प्रत्येक टायराची जमिनीस टेकणारी जागा सुमारें एका तळहाताएवढी असते. माणसांनीं भरलेलें एक कुटुंब अशा चार तळहातांवर विसंबून प्रवास करीत असतें.

थंड देशांतील जाणता मालक दर खेपेस टायर रिमवरून काढीत बसत नाहीं. दुसऱ्या चार रिमांवर तो हिंवाळी टायर कायमचे चढवून ठेवतो, म्हणजे चाकें तेवढीं बदलावीं लागतात. काढलेल्या चाकांवर ‘पुढचें डावें’, ‘मागचें उजवें’ असें खडूनें लिहून, तीं धुवून, कोरडीं करून, उन्हापासून दूर अशा थंड व काळोख्या जागीं ठेवतो. गाडी उचलतांना जॅक खुणेच्या जागींच लावतो. कारण भलतीकडे लावला तर तळाच्या बॅटरीस इजा पोंचते, आणि गाडींतील सर्वांत मोलाची वस्तु तीच. नट समोरासमोरचे आळीपाळीनें, ठरलेल्या मापानें आवळतो. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हां एकदां तपासून पाहतो. चाकांत हवेचा दाब कळविणारें साधन असल्यास तें नव्या चाकांशीं जुळवून घेतो.

मग रिसोडच्या मोटारमालकानेंही हिंवाळी टायर आणावे काय? मुळींच आणूं नयेत. येथील डिसेंबरच्या पहांटेचा गारठा सूर्य वर येतांच ओसरतो. उलट वैशाखांत पारा ४० अंशांच्या पलीकडे जातो, आणि डांबर तर हवेहूनही पुष्कळ अधिक तापतें. अशा रस्त्यावर हिंवाळी टायराचें मऊ रबर भराभर झिजेल, आणि ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबण्यास अंतरही अधिक लागेल. तेव्हां थंड देशाचा टायर तेथेंच राहूं द्यावा. घ्यावयाची आहे ती त्या लोकांची रीत. म्हणजे ऋतु येण्यापूर्वीं चाकाची तयारी ठेवण्याची संवय.

वऱ्हाडांत टायराचा खरा वैरी ऊन आहे, आणि या उन्हाविषयींच एक घातक समज वाहनवाल्यांत पसरलेला आहे. उन्हाळ्यांत टायर फुटूं नये म्हणून त्यांत हवा कमी ठेवावी, असें पुष्कळजण मानतात. वरकरणीं हें पटण्यासारखें आहे. हवा तापली म्हणजे फुगते. दर पांच-साडेपांच अंशांमागें टायरांतील दाब सुमारें एक पौंडानें वाढतो. परंतु ही वाढ कारखानदारानें आधींच हिशेबांत घेतलेली असते, आणि चांगला टायर ती सहज सोसतो. त्यास सोसवत नाहीं ती हवेची उणीव. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यास अधिक चेपला जातो; त्याच्या बाजूच्या भिंती सारख्या वांकतात आणि सरळ होतात. लोखंडी तार एकाच जागीं पुनःपुन्हां वांकविली असतां ती तेथें तापून बोटास चटका देते, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. टायराच्या भिंतींची अवस्था तशीच होते. आंतील उष्णता वाढत जाते, रबराचे थर एकमेकांपासून सुटूं लागतात, आणि भर वेगांत टायर फुटतो. फुटण्याच्या भीतीनें सोडून दिलेली हवाच अशा रीतीनें फुटण्यास कारण होते.

यावर उपाय अगदीं सोपा आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळीं निघण्यापूर्वीं, दाराच्या चौकटीवरील पट्टींत दिलेल्या आंकड्याइतकी हवा भरावी; गाडींत माणसें व सामान अधिक असेल तर तेथेंच दिलेला भरल्या गाडीचा आंकडा पाहावा. दुपारीं तापलेल्या टायरांतून हवा कधींही सोडूं नये. याच नियमाची दुसरी बाजू हिंवाळ्यांत दिसते. मे महिन्यांतील सकाळीं बरोबर भरलेला टायर, त्यांतून थोडीही हवा झिरपली नाहीं असें धरलें तरी, डिसेंबरच्या पहांटे सुमारें तीन पौंडांनीं उणा भरतो. विजेच्या मोटारींत या उणिवेचा दंड लगेच दिसतो. एका चार्जिंगमध्यें गाडी जितकी चालावयाची, तितकी ती चालत नाहीं.

गांवांतल्या गांवांत, बाजारापासून घरापर्यंतच्या फेरींत, कमी हवेचा किंवा जुनाट टायरही निमूटपणें चालतो, आणि म्हणून मालकाची समजूत होते कीं सर्व ठीक आहे. परंतु आतां वाशीम जिल्ह्यांतून समृद्धि महामार्ग गेलेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरांचा सबंध मार्ग पुरा झाला. लहान मोटारीस तेथें ताशीं १२० किलोमीटरांपर्यंत वेगाची मुभा आहे. तापलेलें काँक्रीट, तासन् तास एकसारखा वेग, पूर्ण भरलेली गाडी आणि बॅटरीचें वजन, या चारही गोष्टी तेथें एकत्र येतात. गांवांतल्या रस्त्यावर झांकून राहिलेला टायराचा दोष अशा मार्गावर प्राणांशीं गांठ घालतो. परिवहन खात्यानें २०२३ सालीं या मार्गाच्या प्रवेशद्वारांपाशीं टायरांची तपासणी सुरू केली, ती याच धोक्यामुळें.

ही तपासणी घरच्या घरींही होऊं शकते. टायराच्या खोबणींत ठिकठिकाणीं लहान उंचवटे असतात. त्यांची उंची कायद्यानें सांगितलेल्या १.६ मिलिमीटरांइतकी असते. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या बरोबरीस आली, म्हणजे टायराचें आयुष्य संपलें असें समजावें. टायराच्या भिंतीवर चार आंकड्यांची एक खूण असते. ‘२३२४’ असें असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला, असा त्याचा अर्थ. नक्षी शाबूत असली तरी वय आणि ऊन यांनीं रबर वाळतें, त्यास भेगा पडतात. अशा टायराच्या नक्षीवर भुलूं नये.

उन्हाळ्यामागून येणारा पावसाळा निराळीच परीक्षा घेतो. या भागांतील काळी माती ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर शेतांतून डांबरी रस्त्यावर येते, आणि पहिल्या सरीबरोबर तेथें लोण्यासारखा थर होतो. टायराच्या खोबणी म्हणजे पाण्याच्या मोऱ्या होत. त्या उथळ झाल्या तर पाणी बाहेर पडत नाहीं, टायर पाण्यावर तरंगतो, आणि सुकाणूचा हुकूम चाक मानीत नाहीं. गोटा झालेला टायर मे महिन्यांत कसाबसा निभावेल, पण जुलईंत निभावणार नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. २०२० सालीं केंद्र सरकारनें नियमांत दुरुस्ती केली. तीप्रमाणें ट्यूबलेस टायर, दाब कळविणारें साधन आणि दुरुस्तीचें सामान असलेल्या लहान मोटारींना स्टेपनीची सक्ति राहिली नाहीं. विजेच्या कित्येक मोटारींत म्हणूनच स्टेपनी नसते. दुरुस्तीच्या सामानानें लहान छिद्र बुजतें. टायराची भिंत फाटली तर त्याचा उपयोग होत नाहीं. लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वींच आपल्या गाडींत काय आहे, तें मालकानें उघडून पाहावें, आणि जॅक कोठें लावावयाचा ती खूणही दिवसाउजेडीं शोधून ठेवावी.

जर्मन माणसानें आपल्या सोयीकरितां ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ अशी आठवण ठेविली. मराठी घरास तीन दिवस पुरेसे आहेत. पाडव्यास उन्हाळ्याची तयारी म्हणून हवा आणि टायराचें वय पाहावें. मृग लागण्यापूर्वीं नक्षीची खोली पाहावी. आणि दसऱ्यास, गाडी धुवून तिला झेंडूचा हार घालण्याची चाल घरोघर आहेच, तो हार घालण्यापूर्वीं चारही चाकांपाशीं वांकून हवा मोजावी, भेगा पाहाव्या, आणि गाडीच्या पुस्तकांत सांगितलें असेल त्याप्रमाणें पुढच्या-मागच्या चाकांची अदलाबदल करून घ्यावी. महिन्यांतून एकदां हवा मोजण्याचें काम तर केव्हांही चुकवूं नये. त्यास पांच मिनिटें लागतात, आणि पुढें महामार्गावर त्या कुटुंबाचें रक्षण तींच पांच मिनिटें करितात.