काटा खोटे का बोलतो?



कामगार संघटनेच्या माणसाने मोर्चावर बोलावे, विमानावर बोलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, असे आपल्या मनात आले असेल. मी विमानात कधी बसलेलो नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वायरमनच्या हाताखाली आणि वाचनालयातल्या पुस्तकांतून झाले. परंतु यंत्रावरचा काटा खोटे बोलला की शिक्षा माणसाला होते, हे मी जवळून पाहिले आहे. हे खोटे जिथे फार महाग पडते, असे एक ठिकाण म्हणजे घरी बांधलेले जुने विमान. म्हणून आजचा विषय.

घरी विमान बांधतात काय? बांधतात. अमेरिकेत अशा हौशी लोकांची संघटना १९५३ साली मिलवॉकी येथे निघाली. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभारले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि उड्डाणाचा परवाना मिळायला २०१९ उजाडले. या जिद्दीचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण असे एखादे विमान वीस-पंचवीस वर्षांनी म्हातारे होते, तेव्हाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

कारखान्यातल्या विमानाबरोबर तारांचा नकाशा येतो. घरच्या विमानाचा नकाशा पुष्कळदा बांधणाऱ्याच्या डोक्यातच राहतो. इंजिनाच्या थरथरीने सांधे सैल होतात, दमट हवेने तांबे हिरवे पडते, तारेवरचे वेष्टन कडक होऊन तडकते. मग एके दिवशी तेलाच्या दाबाचा काटा नाचू लागतो. मालक नवा काटा आणून बसवतो, तोही नाचतो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

येथे नियम साधा आहे. विजेवरचा एकच काटा चुकत असेल, तर इंजिनावर बसवलेला त्याचा सेंडर आणि त्याची तार आधी तपासा. सगळे एकदम चुकू लागले, तर सगळ्यांना समाईक काय आहे ते शोधा. म्हणजे मुख्य पुरवठा, नाहीतर अर्थिंग. ट्रॅक्टरवाल्यांनी पाहिले असेल, दिवे लावले की तापमानाचा काटा उडी मारतो. दिव्याचा आणि काट्याचा परतीचा रस्ता एकच, आणि त्या रस्त्यात गंज. दिवे चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी काट्याच्या अर्थला लावा. मीटरने जवळजवळ शून्य दाखवले पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला, तर वाटेतला सांधा कच्चा समजा. दिवे बंद ठेवून मोजाल तर दोष लपून राहील. ओझे पडल्याशिवाय कच्चा सांधा उघडा पडत नाही; माणसांचेही तसेच आहे.

आता माझी गोष्ट सांगतो. एका जिनिंगमध्ये जनरेटरचे इंजिन तापून धरले. चालवणाऱ्या गड्याला कामावरून बसवले. तो म्हणे, "दादा, काटा हिरव्या पट्ट्यातच होता." कोणी विश्वास ठेवीना. चौकशीच्या दिवशी आम्ही सेंडर काढून उकळत्या पाण्यात धरला आणि त्याच्या अंगापासून एक तार थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली. काटा बरोबर वर गेला. तो पुन्हा इंजिनात बसवून मीटर लावला, तर सेंडरचे अंग आणि इंजिन यांचा संबंधच धड नव्हता. पाणी गळू नये म्हणून कोणीतरी सद्हेतूने त्याच्या आट्यांवर पांढरी फीत गुंडाळली होती. वीज अडली, म्हणून तापलेले इंजिन थंड दिसत राहिले. गडी कामावर परत गेला. जमिनीवर अशा चुकीने इंजिन जाते; आकाशात इंजिनाबरोबर माणूस जातो.

काही काट्यांना वीज लागतच नाही. विमानाचा वेग दाखवणारा काटा पिटो नळीतल्या हवेच्या दाबावर चालतो. ही नळी उघडी राहिली की कुंभारीण माशी तिच्यात मातीचे घर करते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून निघालेल्या मोठ्या विमानाला वेग खोटा दिसला. १८९ माणसे गेली. नळी अशाच माशीच्या घराने बुजली असावी, असे तपासात मानले गेले. तेव्हा विमान उभे असताना नळीवर टोपी हवी, आणि उडण्यापूर्वी ती काढल्याची खातरजमाही हवी.

शेवटची गोष्ट सर्वांत घातक. तार तुटली म्हणजे यंत्र बंद, असे आपण धरून चालतो. विमानाच्या मॅग्नेटोचे उलट आहे. तो स्वतःच ठिणगी निर्माण करतो. स्विच त्याला अर्थ देऊन गप्प करतो. ती अर्थची तार तुटली, तर स्विच 'बंद' दाखवतो आणि मॅग्नेटो जिवंत राहतो. अशा वेळी कोणी हाताने पंखा फिरवला, तर इंजिन पेटून पंखा त्याच्या अंगावर येतो. म्हणून जाणते लोक इंजिन थांबवण्यापूर्वी, ते मंद चालत असताना, स्विच क्षणभर बंद करून पाहतात. इंजिन मालवू लागले तर ठीक. एवढे करूनही प्रत्येक पंखा जिवंत समजूनच वागतात.

बंधुभगिनींनो, यावर उपाय एक वही आहे. कोणती तार कोठून कोठे गेली, कोणता सांधा केव्हा उघडला, कोणी काय गुंडाळले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. ती वही पुढच्या माणसाचा जीव वाचवील. आणि तुमच्या गिरणीत, शेतात, कारखान्यात काही बिघडले, तर आधी तारेला जाब विचारा, माणसाला मागाहून.