जाते नाही, येते

मी बोरीहून बोलतेय. आमच्या बचत गटाची हिशेबाची वही माझ्याकडं असते, म्हणून गावात बहुतेक जणी मला हप्ता मागणारी म्हणूनच ओळखतात. आज हप्त्याचं काही बोलणार नाही. आज माझ्या लेकीचं सांगणार आहे. सोळा वर्षांची असताना ती दीड महिना जपानमध्ये एका घरी राहून आली, त्याचं.

2019 चा उन्हाळा आठवा. दुष्काळाचं साल होतं. टँकर आला की हातातली भाकर तव्यावर टाकून आपण पळायचो. लेकीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये झाली होती. परीक्षा आणि निकाल यांच्या मधले ते दोन-अडीच महिने आपल्याकडं कसे असतात, तुम्हाला माहीत आहे. पोरगी घरी दिसली की सोयरे चहाला येतात आणि कप खाली ठेवता ठेवता एखाद्या मुलाचं नाव काढतात. आमच्याकडंही स्थळ आलं. मुलगा बरा, शेती पाण्याखालची, मागणं काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "दुष्काळात उरकलं तर चार माणसांत उरकतं. पोरीला आज ना उद्या परक्या घरी जायचंच आहे."

माझी लेक आठवीपासून पुण्याला माझ्या भावाकडं राहून शिकत होती. तिथल्या शाळेत तिनं जपानी भाषा घेतली होती. पुण्यात जपानी शिकणारी मुलं बरीच आहेत. रोटरी क्लबांची एक योजना असते. इकडचं मूल तिकडच्या घरी काही आठवडे राहतं आणि नंतर तिकडचं मूल इकडच्या घरी येऊन राहतं. ठेवून घेणारं घर पैसे घेत नाही. विमानाचं तिकीट मात्र आपलं आपण काढायचं. भावानं चौकशी केली, तिची निवड झाली आणि मे महिन्यात निघायचं ठरलं.

निम्मे पैसे भावानं दिले. मला वीस हजार कमी पडत होते. मी गटात कर्ज मागितलं. त्या दिवशीची बैठक मी विसरणार नाही. एक जण म्हणाली, "म्हशीला कर्ज दिलं तर दूध तरी दिसतं. पोरगी फिरून येईल, त्याचं काय दिसणार?" दुसरी म्हणाली, "लग्नाला मागितले असतेस तर कोणी बोललं नसतं." ती सहज बोलून गेली, पण तिचं तिलाच ते ऐकू आलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिनंच पहिला हात वर केला.

आम्ही त्या स्थळाला नाही म्हणालो. घरात आठ दिवस कोणी धड बोललं नाही.

लेक गेली ओकायामा जिल्ह्यात, कोजिमा नावाच्या भागात. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते या ओकायामाच्या जुन्या बागेवरूनच केलेलं आहे. कोजिमातली बरीच जमीन समुद्र हटवून काढलेली. खारट माती, भात येईना, म्हणून लोकांनी कापूस लावला. कापसामागून कापड आलं, मग शाळेचे गणवेश, मग जीनच्या पँटी. आज जपानमध्ये जीन म्हटलं की कोजिमा. लेक फोनवर म्हणाली, "आई, यांचा कापूस गेला पण शिवणकाम गावातच राहिलं. आपला कापूस गाठी बांधून जातो, मागं काय राहतं?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या घरात आई, वडील, लेकीच्याच वयाची एक मुलगी आणि ऐंशीच्या घरातली आजी. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. आपल्याकडं संध्याकाळचे साडेपाच वाजले की तिकडं रात्रीचे नऊ. त्या वेळी तिचा फोन यायचा.

खोटं कशाला सांगू, पहिला आठवडा ती रडली. त्यांच्याकडं अंघोळीची एक रीत आहे. टबाबाहेर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं आणि मग टबातल्या गरम पाण्यात नुसतं बसायचं. त्याच पाण्यात एकामागून एक सगळं घर बसतं. पाहुण्याचा मान म्हणून लेकीला पहिल्यांदा पाठवलं. अंघोळ झाल्यावर तिनं टबाचं बूच काढलं आणि सगळं पाणी सोडून दिलं! तिला वाटलं, आपलं वापरलेलं पाणी मागं कसं ठेवायचं? तिकडच्या आईनं काही न बोलता पुन्हा टब भरला. दुसऱ्या दिवशी मुलीनं हळूच समजावलं, तेव्हा हिला कळलं. रात्री फोनवर हुंदके देत म्हणाली, "आई, आपण टँकरवरून भरतो तो निळा ड्रम, तेवढं पाणी असेल गं. तू तिकडं रांगेत आणि मी इकडं..." आणखी एक गोष्ट तिनं नंतर पाहिली. सगळ्यांचं झालं की टबावर झाकण ठेवतात आणि सकाळी त्याच पाण्यात कपडे धुतात. पाणी असणाऱ्या घरातही ते असं जपून वापरतात.

जेवणाचीही अडचण होती. आम्ही माळकरी. तिकडं शाकाहारी दिसणाऱ्या रश्श्यातही सुक्या माशाचं पाणी असतं. तिकडच्या आईनं हे ऐकल्यावर समुद्री शेवाळ आणि वाळलेली अळंबी उकळून वेगळं पाणी करायला सुरुवात केली. पहाटे उठून दोघींचे डबे भरायची. आणि बायांनो, त्या डब्यात रोज काय असायचं सांगू? सोयाबीन! सोयाबीनच्या दुधाचं पनीर, त्याला ते तोफू म्हणतात. सोयाबीन आंबवून केलेला मिसो, त्याचं सार. हिरव्या कोवळ्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, आपण भुईमुगाच्या उकडतो तशा. आपण पोत्यानं सोयाबीन पिकवतो आणि सगळं बाजारात घालतो. ते सोयाबीन रोज ताटात घेतात. आंबवलेल्या चिकट दाण्यांचा एक प्रकार मात्र लेकीला वासामुळं शेवटपर्यंत जमला नाही.

आता आजीचं सांगते. आजी अजून भाजी लावायची. जपानमध्ये शेतकऱ्याचं सरासरी वय 65 च्या वर आहे, तरणी माणसं शेतात राहिली नाहीत. आजी सकाळी भाजीच्या जुड्या रस्त्याकडेच्या फळीवर ठेवायची, शेजारी पैशाचा डबा. राखायला कोणी नाही. एका संध्याकाळी अंघोळीला जाताना लेक तिला म्हणाली, "आजी, आज तुम्ही आधी जा." आजी हसली आणि म्हणाली, "मी या घरात नवरी होऊन आले तेव्हा पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे आणि अंघोळीला सगळ्यांच्या शेवटी जायचे. सासरा, नवरा, दीर, सासू आणि मग मी. पाणी गार झालेलं असायचं."

ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. इतक्या लांबच्या देशातही सून शेवटीच.

आजीच्या सासूच्या काळात, दुसरं महायुद्ध संपल्यावर, तिकडच्या खेड्यांतूनही बायांचे गट झाले होते. सरकारच्या कार्यकर्त्या सायकलवरून गावोगावी जायच्या. गटातल्या बाया चार चार पैसे साठवून धुराच्या चुली बदलायच्या. म्हणजे आपण आज जे करतो ते त्यांनी सत्तर वर्षांपूर्वी केलं. त्या गार पाण्यापासून आजच्या पाहुणीच्या गरम पाण्यापर्यंत ते घर एका दिवसात आलेलं नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगितलं ते. आपल्याकडं घरातून निघताना "जाते" म्हणू देत नाहीत. "येते म्हण" असं सांगतात. जपानी घरातही निघणारा म्हणतो, "इत्तेकिमास". म्हणजे जाऊन येते. घरातलं माणूस म्हणतं, "इत्तेराश्शाइ". म्हणजे जाऊन ये. परत आल्यावर दारातूनच "तादाइमा", म्हणजे मी आले. आतून "ओकाएरी", आलीस का, ये. लेक शाळेतून आली की आजी आतून हे म्हणायची. लेक म्हणाली, "आई, चौथ्या-पाचव्या दिवशी ते ऐकून मला वाटलं, हे घर परकं नाही."

मी रात्रभर विचार करत होते. सोळाव्या वर्षी माझी लेक परक्या घरी गेलीच की. सासूबाई म्हणत होत्या तसंच झालं. फरक एवढाच, की ती परत येण्यासाठी गेली. तिथं तिला कोणी शेवटी बसवलं नाही. चूक झाली तर कोणी माहेर काढलं नाही. ती जशी गेली त्याहून मोठी होऊन आली.

त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. 20 ते 24 वर्षांच्या बायांपैकी किती जणींचं लग्न अठराच्या आत झालं, ते त्यात मोजलं. परभणी जिल्ह्यात शंभरात 48 निघाल्या. सगळ्या राज्यात 22 च्या आसपास. त्या 48 मध्ये आपल्याच लेकी आहेत. त्यांना कोणी "जाऊन ये" म्हटलं नव्हतं.

डिसेंबरात तिकडची मुलगी आमच्याकडं बोरीला आली. मला धास्ती होती, आपल्या घरात ती कशी राहील? तिनं दारात चपला काढून टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातल्या सगळ्यांच्या चपला तशा दिसायला लागल्या. शेतात हुरडा खाल्ला, बादलीनं अंघोळ केली. सासूबाईंनी लेकीकरवी तिला विचारलं, "तुझं लग्न कधी?" ती म्हणाली, "माझ्या वर्गात कुणाचंच झालेलं नाही." तेव्हा जपानचा कायदा मुलीला आईबापाच्या संमतीनं सोळाव्या वर्षी लग्न करू द्यायचा. 2022 च्या एप्रिलपासून तिकडंही अठरा झालं. सासूबाई थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी बाराव्या वर्षी आले या घरात. बाहुली घेऊन आले होते." इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

ती निघाली तेव्हा मराठीत म्हणाली, "आजी, येते." सासूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

गटाचं कर्ज मी वीस हप्त्यांत फेडलं, एकही चुकवला नाही. लेक आज पुण्यात जपानी कागदांचं भाषांतर करते. गटात जिनं आधी हात वर केला, तिची मुलगी आता परभणीला वसतिगृहात राहून शिकते.

जपान सगळ्यांना जमणार नाही, आणि जमायलाच पाहिजे असंही नाही. पण दहावीची परीक्षा झाली की पोरीला घरात रिकामं बसवू नका. मावशीकडं, आत्याकडं, शिवण शिकायला, संगणक शिकायला, कुठं तरी महिनाभर पाठवा. आणि दुसऱ्याची लेक आपल्या घरी आली तर तिला गरम पाणी आधी द्या. कुठं अठराच्या आतलं लग्न ठरत असेल तर 1098 या नंबरवर फोन करता येतो, तेही लक्षात ठेवा.

सोळाव्या वर्षी आपल्या लेकीनं उंबरा ओलांडावा. पण ओलांडताना तिनं "येते" म्हणावं आणि आपण आतून म्हणावं, "जाऊन ये गं, बाई."

बरं, येते मी. नमस्कार.