चेहऱ्यांचा खरा रंग



आपल्या गेल्या मेळाव्याची जी फिल्म आत्ता पाहिलीत, तिचे रंग मी दुरुस्त केले. माझी नोकरी सॉफ्टवेअरची. हा रविवारचा छंद.

सभागृहातल्या ट्यूबलाइटमुळे आपण सगळेच हिरवट, आजारी दिसत होतो. आधी व्हाइट बॅलन्स सुधारला, मग व्हेक्टरस्कोप उघडला. हा रंगाची छटा आणि तिचा ठळकपणा दाखवणारा गोल आलेख. त्यात लाल आणि पिवळ्याच्या मधून एक तिरकी रेघ जाते. साध्या उजेडात टिपलेली माणसाची त्वचा, गोरी असो की काळी, साधारण त्याच रेघेजवळ पडते. कारण त्वचेला रंग देणारी द्रव्यं, हिमोग्लोबिन आणि मेलॅनिन, सगळ्यांत तीच. प्रमाण तेवढं वेगळं. मोठा फरक असतो तो उजळपणात, आणि तो हा आलेख दाखवतच नाही.

एका मैत्रिणीचा चेहरा आला आणि माझा हात आपोआप उजळपणा वाढवायला गेला. चेहरा राखेसारखा फिका पडला. ती तीच वाटेना. शाळेत तिला रंगावरून चिडवणाऱ्यांत मीही होते. तीस वर्षांनी पुन्हा तेच करत होते.

केलेला बदल काढून टाकला. तिच्या कपाळावरची, गालावरची चकाकी तेवढी जपली.

ती आज समोर बसली आहे. अगं, फिल्ममध्ये तू आहेस तशीच आहेस. तेव्हाचं मात्र माफ कर.