अंगणाला कुंपण घालावे काय?

(कुरकुंभ, ता. दौंड येथे ग्रामस्थांपुढे दिलेल्या भाषणाचा सारांश)



आजचा विषय वरवर पाहता फार लहान आहे. घरापुढच्या अंगणाला कुंपण घालावे की नाही, हे ज्याच्या त्या कुटुंबाने ठरवावे, त्यासाठी सभा कशाला, असे कोणी विचारील. परंतु मालमत्तेचा मोठा प्रश्न सामान्य माणसाला प्रथम भेटतो तो त्याच्या उंबरठ्याबाहेरच. म्हणून त्याचा विचार चारचौघांत व्हावा हे बरे.

कुरकुंभच्या गावठाणातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. घरात म्हातारी आई, औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा मुलगा, सून आणि दोन वर्षांचे मूल. मुलाच्या मनात अंगणाला तारेची जाळी लावावयाची आहे, आणि त्याची कारणे खोटी नाहीत. पुणे-सोलापूर महामार्ग जवळ, वसाहतीची वाहने दिवसरात्र चालू; मूल खेळता खेळता रस्त्यावर धावेल ही भीती. शेळ्या एक रोप वाढू देत नाहीत. शेजारच्या भाड्याच्या खोल्यांतील कामगारांच्या मोटारसायकली कोणालाही न विचारता अंगणात उभ्या राहतात. म्हातारीचे म्हणणे वेगळे. मागच्या आळीच्या बायका याच अंगणातून नळावर जातात. उन्हाळ्यात चार घरांच्या कुरडया येथेच वाळतात. लग्नाचा मांडव येथेच पडतो आणि तिरडीही येथेच बांधली जाते. ‘‘तार लाव बाबा, पण उद्या आपल्या दारात माणूस यायचा कुठून?’’ एवढेच ती विचारते.

दोघांचेही खरे आहे. म्हणूनच हा निर्णय अवघड आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर कुंपणाचा हिशेब दोन वह्यांत लिहावा लागतो. पहिल्या वहीत खांब, जाळी आणि मजुरी यांचा खर्च व घराला मिळणारी सुरक्षितता. ही वही मालक स्वतः लिहितो. दुसऱ्या वहीत मागच्या आळीतील बाईला डोक्यावर हंडा घेऊन पडणारा वळसा, कुरडया वाळविण्यास न मिळालेली जागा, म्हाताऱ्यांची मोडलेली बैठक. ही वही कोणीच लिहीत नाही. लाभ एकाचा आणि भार अनेकांवर, अशी ही व्यवस्था आहे. पुन्हा एका घराने तार लावली की शेजाऱ्यालाही लावावीशी वाटते, आणि तो आपली तार वीतभर पुढे घेतो. दहा घरांनी असे केले की गल्लीची बोळ होते. कोणी गल्ली बुजविण्याचे ठरविलेले नसते. तरी ती बुजते.

या गावी ही गोष्ट केवळ सोयीची नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये येथील वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात रात्री मोठी आग लागली, तेव्हा आसपासच्या लोकांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. अशा रात्री अंधारात मुलाबाळांसह निघालेल्या माणसाला मोकळे अंगण हीच वाट असते, आणि अग्निशामक बंब किंवा रुग्णवाहिका बोळात शिरत नाही. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी वसलेल्या गावाने प्रत्येक कुंपणाचा विचार ही आठवण ठेवून केला पाहिजे.

कुंपणाची ओढ अलीकडे वाढली याला आणखी एक कारण आहे. गावठाणातील घरांना सातबारा नसे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हाच काय तो कागद, आणि तोही कर आकारणीचा. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजणीचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली. मोजणी झालेल्या गावांतून घरमालकांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. गरिबाच्या घराला कागद मिळाला, त्यावर कर्ज मिळण्याची सोय झाली, हे स्वागतार्हच आहे. मात्र नकाशावर रेघ उमटली की जमिनीवरही ती ओढावी, असे माणसाला वाटू लागते. ड्रोनला छप्पर दिसते, भिंत दिसते; परंतु अंगणातून जाण्याचा शेजारणीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज त्याला आकाशातून कसा दिसावा?

कायद्याला तो अगदीच दिसत नाही असे नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखादी वाट हक्काने, उघडपणे, विनाखंड वीस वर्षे वापरात असेल तर त्या वापराचा हक्क निर्माण होऊ शकतो. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा अधिकार १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला दिला आहे. पण हंडा वाहणारी बाई दिवाणी न्यायालयात जाईल, ही अपेक्षा करणे म्हणजे तिची थट्टा करणे होय.

इंग्लंडचा इतिहास येथे उपयोगी आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत तेथील पार्लमेंटने हजारो कायदे करून गावांच्या सामायिक जमिनींना कुंपणे घातली. शेतीचे उत्पन्न वाढले असे त्याचे समर्थन केले जाते. परंतु ज्यांच्याजवळ केवळ रिवाज होता आणि कागद नव्हता, ते गुरे चारण्याचा व सरपण वेचण्याचा हक्क गमावून बसले. सामायिक मालमत्तेचा नाश अटळच असतो, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशींची उदाहरणे तपासून दाखविले की लोक स्वतः नियम करतात व पाळतात तेथे सामायिक साधने टिकतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि जुन्या मोकळ्या अंगणाचे गोडवे गाताना एक सत्य विसरता कामा नये. ते अंगण सर्वांना मोकळे नव्हते. तेथे तार नव्हती, पण दलित माणूस अंगणाच्या कडेलाच उभा राहत असे, आणि त्याने कोठवर यावे हे त्याच्या जातीने ठरविलेले असे. ते कुंपण डोळ्यांना दिसत नव्हते, म्हणून ते ओलांडणे अधिक कठीण होते. १८६८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी तेच कुंपण मोडले. आजही परप्रांतीय कामगाराची मोटारसायकल खुपते आणि भाऊबंदाची खुपत नाही, असे असेल तर कुंपण कशासाठी हवे आहे हे घराने स्वतःला एकदा विचारावे.

मग त्या घराने काय करावे? मूल सांभाळण्यासाठी कुंपण अवश्य घालावे. पण ओट्यालगत, कमरेइतके, मेंदीचे किंवा साध्या ताट्यांचे. नळाकडची वाट बाहेर सोडावी आणि कवाडाला कुलूप लावू नये. खांब रोवण्यापूर्वी मागच्या आळीत जाऊन विचारून यावे. त्या विचारण्याला पैसा लागत नाही, आणि पुढची पुष्कळ भांडणे त्याने टळतात.

गावाचेही काही कर्तव्य आहे. ग्रामसभेने गावठाणातील सर्व वहिवाटीच्या वाटा गावासमोर मोजून ठरावात लिहून ठेवाव्यात. मुलांना खेळायला जागा द्यावी, कामगारांच्या गाड्यांसाठी वाहनतळ करावा, आणि वसाहतीच्या अवजड वाहनांना गावात मज्जाव करावा. रस्ता निर्धोक झाला तर त्या मुलाच्या बापाला तारेची गरजच कमी भासेल. येत्या ग्रामसभेत वाटांचा हा ठराव मांडला जावा, आणि तो मांडण्यासाठी मागच्या आळीच्या बायकांनी पुढे यावे.